सासऱ्यांचं झिपरं कुत्रं

सासऱ्यांचं आणि माझं पहिल्या दोन वर्षांत जे काही बोलणं झालं, ते सगळं एका कुत्र्यामार्फत. हसू नका. तेव्हा सून सासऱ्यासमोर पदर ओढून दाराआड उभी राहायची. सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नाही, बोलला तर गावभर चर्चा. मग घरचं चालायचं कसं? आमच्याकडं ते असं चालायचं.

निजामाचं राज्य होतं, पोलिस ॲक्शनच्या चार-पाच वर्षं आधीचा तो काळ. नवरा परभणीला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचा. पोखर्णीच्या अलीकडं आमचं शेत. उन्हाळ्यात सासू, सासरे आणि मी शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे रानातल्या वस्तीवरच राहायला जायचो. विहिरीजवळ एक छप्पर, एक कडुलिंब, बैलजोडी आणि ते झिपरं कुत्रं. त्याला नाव नव्हतं. यू-यू केलं की यायचं, हाड म्हटलं तरी यायचं.

सासऱ्यांना भूक लागली की ते कुत्र्याला म्हणायचे, "का रं, भाकर झाली का न्हाई, इचार जरा." कुत्रं शेपूट हलवायचं आणि मी दाराआडून ताट पुढं सरकवायचे. कालवण खारट झालं की, "आज मीठ लय स्वस्त झालंय, बाबा," हेही कुत्र्यालाच. एकदा मला ताप भरला होता. सासूबाईंना सांगायची माझी छाती झाली नाही, तशीच घागर घेऊन निघाले. तर बाहेर सासरे कुत्र्याला सांगतायत, "म्हनावं, पानी आज मी आनतो. पडून राय." सासरी येऊन वर्ष झालं होतं. कुणी तरी माझ्याकडं नीट पाहिलं असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. आत जाऊन खूप रडले.

त्या वैशाखात ऊन असं पडलं की विचारू नका. कुत्र्याच्या अंगावर वीतभर केस, जीभ बाहेर, आणि पोट लोहाराच्या भात्यासारखं वरखाली. सासऱ्यांनी त्याच्यासाठी काय केलं नाही? कडुलिंबाखाली खड्डा खणला, त्यात रोज सकाळी पाणी ओतून माती भिजवायची आणि कुत्र्याला तिथं बसवायचं. पाण्याचं खापर सावलीबरोबर सरकवत न्यायचं. दुपारी ताकात कुस्करलेली भाकरी. मोटेचं पाणी जिथं पडतं त्या थारोळ्यात बैलांच्या आधी ते डुंबून यायचं, आणि बैलांनी नाक मुरडलं तरी सासरे काही बोलायचे नाहीत. स्वतः मात्र उन्हात काम करायचे.

तरी धाप काही थांबेना. एकदा बैलांपुढं कडबा टाकता टाकता ते पुटपुटले, "औंदा ह्येला उन्हाळा सोसायचा न्हाई." हे कुत्र्याला नव्हतं, मलाही नव्हतं, आपलं आपल्याशीच होतं. पण मी ऐकलं. कुत्र्याचा जीव तर प्यारा होताच, पण खरं सांगते, मला माझी जास्त काळजी पडली. हे गेलं तर सासरे माझ्याशी बोलणार कसे?

त्याच आठवड्यात खतासाठी आमच्या शेतात धनगराच्या मेंढ्या बसल्या होत्या आणि धनगर त्यांना कातरत होता. कातरलेली मेंढी उठायची, अंग झाडायची आणि टुणटुण उड्या मारत जायची. मला वाटलं, अगं बाई, एवढं सोपं आहे की हे. सासू-सासरे लग्नाला गावात गेले होते, उद्या येणार होते. मी धनगराला म्हटलं, "दादा, ह्या कुत्र्यालाबी कातर की."

"आमी कुत्र्याला कातरत न्हाई, बाई."

"कामून?"

"न्हाई कातरत," एवढंच बोलून तो भाकरी खायला गेला. कारण सांगत नाही म्हणजे त्याला माहीतच नाही, असं माझ्या सोळा वर्षांच्या अकलेनं ठरवलं. कातर तिथंच पडली होती. मी घेतली. कुत्रं बिचारं माझा हात चाटत पडून राहिलं, आणि मी त्याला पार कातडीपर्यंत कातरलं. आतून गुलाबी निघालं, सोललेल्या शेंगदाण्यासारखं. ते उठून दोन गिरक्या मारून आलं. मला वाटलं, आता सासरे खूश होणार. नसता उद्योग म्हणतात तो हा.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ते मेंढ्यांमागं उघड्या माळावर हिंडत राहिलं. दुपारी सासू-सासरे आले, तेव्हा कुत्रं विहिरीजवळ आडवं पडलेलं, पाठ लालभडक, तिच्यावर फोड, तोंडाला फेस. केस त्याला उन्हापासून राखत होते, हे मला तेव्हा कळलं.

"कुनी कातरलं ह्येला?" सासरे म्हणाले. उत्तराला थांबलेच नाहीत. काठी उचलली आणि धनगराकडं निघाले. "मेंढ्या हाक, आत्ताच्या आत्ता. माझ्या रानात उभा राहू नगंस." धनगर खाली मान घालून ऐकत होता. त्याला सगळं माहीत होतं, पण दुसऱ्याच्या घरच्या सुनेचं नाव त्यानं घेतलं नाही. काठी वर गेली होती.

सासऱ्यांना हाक कशी मारणार? मी कुत्र्याजवळ जाऊन बसले आणि त्यांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात कुत्र्याला म्हटलं, "मीच कातरलं रं तुला. त्या दादानं न्हाई म्हटलं व्हतं. तुला गार वाटंल असं वाटलं मला."

काठी न मारताच खाली आली. सासरे वळले आणि चालत माझ्यासमोर येऊन उभे राहिले. माझ्या मनात तोवर गाठोडं बांधून झालं होतं. माहेरी धाडणार, दुसरं काय. पण ते उकिडवे बसले आणि त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला. सुनेसमोर बोडक्या डोक्यानं बसलेला सासरा मी कधी पाहिला नव्हता. पांढरे केस घामानं चिकटले होते. रुमाल माझ्याकडं करून ते मला म्हणाले, "पोरी, ह्यो भिजवून आन. थारोळ्यातलं पानी घे, लय गार नगं."

मला म्हणाले. कुत्र्याला नाही.

कुत्र्याला सावलीत ओल्या वाळूवर ठेवलं. पोटावर, पंजांवर ओला रुमाल फिरवायचा, तो तापला की पुन्हा भिजवायचा. पाणी चुळकाभर, थोडं थोडं. ऊन उतरल्यावर सासरे धनगराकडं गेले, त्याला राहायला सांगून आले. कुत्र्याच्या फोडांवर कोरफडीचा गर लावायचा, त्यावर माशा बसू द्यायच्या नाहीत. आठ दिवस आम्ही दोघं हेच करत होतो. ते मला सांगत, मी उत्तर देत असे, पदर असायचा पण मधे दार नसायचं. आठव्या दिवशी कुत्रं आपल्या पायांनी उठून खापराशी गेलं आणि लपलप पाणी प्यालं.

त्या संध्याकाळी सासूबाई त्यांना म्हणाल्या, "कुत्रं बरं झालं नव्हं? आता पुरं करा हे सुनेशी बोलनं. लोकं काय म्हनतील?"

मी आत चुलीपाशी कान टवकारून बसले होते. सासरे म्हणाले, "दोन वर्सं झाली पोरीला येऊन. मी तिच्याशी नीट बोललो असतो, तर तिनं मला इचारलं असतं. मी सांगितलं असतं, नको कातरू म्हनून."

सासूबाई ताटं मांडायला आत आल्या. माझी भाकरी तव्यावर करपून काळी झाली, तरी मला तिच्याबद्दल कुणी काही म्हटलं नाही.