साडूभाऊंचे न खेळायचे पत्ते

या जगात कळण्यासारखं जे काही आहे ते मला एक वेळ सगळं कळेल, पण माझे साडूभाऊ कळणार नाहीत. रेल्वेतून निवृत्त झालेला, बडोद्यात प्रतापनगरला राहणारा, देवपूजा झाल्याशिवाय चहा न घेणारा हा गृहस्थ जपानी पत्ते जमवतो. पत्ते म्हणजे राजा-राणी-गुलाम नव्हेत. यांच्यावर डोळे वटारलेला कसला तरी प्राणी असतो, खाली जपानी अक्षरं आणि कोपऱ्यात बारीकसा शिक्का. मला सगळे सारखेच दिसतात. साडूभाऊ भिंगातून शिक्का दाखवून विचारतात, "दिसला ना फरक?" मी हो म्हणतो, कारण नाही म्हटलं की भिंग पुन्हा माझ्या हातात येतं.

त्यांचं शास्त्रही उफराटं. दुकानात विकत मिळतो तो पत्ता सामान्य. जपानात कुठे मासिकाबरोबर फुकट वाटला तो दुर्मिळ, आणि स्पर्धेत फक्त जिंकणाऱ्याला मिळाला त्याचं तर विचारूच नका. "अहो, फुकटचं जपतंय कोण? म्हणून उरले थोडे," असं ते समजावतात. मला पटतं, आणि घरी पोचेपर्यंत पुन्हा गोंधळ होतो. पत्ते वाचता यावेत म्हणून साठी उलटल्यावर ते जपानी लिपी शिकायला बसले. पहिल्याच दिवशी मला फोन. "अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न. ही तर आपलीच वर्णमाला निघाली हो." तेव्हापासून ताई, म्हणजे माझी मेव्हणी, वाणसामानाची यादीसुद्धा जपानीत येईल या धास्तीत असते.

बडोद्यात श्रावण आला की घरोघरी पत्त्यांचे डाव बसतात. यांच्याकडे पुष्कळ पत्ते आहेत असं ऐकून एकदा शेजारचे मनुभाई दोघांना घेऊन दारात उभे. "सांभळ्युं छे, तमारे घेर बहु पत्तां छे. काढो ने, अमे त्रण जण छीए." साडूभाऊ गोरेमोरे झाले. तिघांना हात धुवायला लावले, प्लास्टिकच्या पाकिटातला एक पत्ता लांबूनच दाखवला आणि म्हणाले, "आ रमवाना नथी, जोवाना छे." म्हणजे खेळायचे नाहीत, नुसते बघायचे. जाताना मनुभाईंनी ताईला हळूच विचारलं, "भाईनी तबियत तो सारी छे ने?"

एका पत्त्यात मात्र त्यांचा जीव अडकला होता. जपानात कधीतरी पालक आणि मूल अशा जोड्यांची स्पर्धा झाली होती, आणि तो पत्ता जिंकणाऱ्या जोडीला मिळाला होता. या नादाची सुरुवात खरं तर त्यांच्या मुलापासून झाली. शाळेतून आला की बापलेक व्हरांड्यात याच पत्त्यांचा डाव मांडत. मुलगा कॅनडाला गेला, खेळ विसरला, आणि बाप पत्ते जमवत राहिला. "तेवढा एक मिळाला की सगळं त्याच्या स्वाधीन करतो," असं ते म्हणत. मुलगा फोनवर म्हणे, "राहू द्या बाबा तुमच्याकडेच."

गेल्या महिन्यात तो पत्ता सापडला. ओसाकाच्या कुणीतरी विकायला काढला होता. मी तेव्हा साडूभाऊंच्या घरीच बसलो होतो. साडूभाऊंनी फोनवरच्या भाषांतरातून विचारलं, हा खरा कशावरून? उत्तरादाखल एक जुना फोटो आला. लहान मुलगा, शेजारी बाप, आणि दोघांनी मिळून धरलेला तो पत्ता. खाली फोनने केलेलं मराठी: "मुलगा मी आहे. वडील मागील हिवाळा समाप्त झाले."

साडूभाऊ बराच वेळ फोटो बघत राहिले. मग त्यांनी लिहिलं, "विकू नका."

मी चक्रावलो. "अहो, इतकी वर्षं शोधलात, आणि हातात आलेला सोडलात?"

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "पोराचं पत्त्याकडे लक्ष आहे का बघा." नव्हतं. तो बापाकडे बघत होता. "आता हा माझ्या कपाटात ठेवून मी काय करू?"

मग त्यांनी कॅनडाला फोन लावला. तिकडे सकाळ होती. पत्त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. थंडी पडली का, डब्यात काय नेतोस, एवढंच विचारलं. मुलगा कामावर निघायच्या घाईत होता. "बरं बरं, रविवारी बोलू," म्हणाले. पलीकडून फोन बंद झाला तरी यांनी कानापासून काढला नाही. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. पण सांत्वन करावं की अभिनंदन, ते काही कळेना.