ओनोरीनाची पाळत

ओनोरीना बुझेत्तो सहसा कुणावर विश्वास ठेवत नाही. मासेवाला तिच्या ओळखीतला, पण माशाचे कल्ले स्वतः उघडून बघितल्याशिवाय ती पिशवी पुढे करत नाही. हॉटेलच्या धुलाईखान्यात तिनं उभा जन्म काढला. लोकांच्या चादरी धुतल्या की माणसं कळतात, असं तिचं म्हणणं. सकाळी माझ्या बारमध्ये उभ्यानं कॉफी पिताना ती म्हणायची, "व्हेनिसमध्ये आता दोनच जातीची माणसं उरलीत. घर विकून गेलेली, आणि आपलं कधी विकतोय म्हणून टपलेली."

तिला तसं कारण होतं. नवरा गेल्यावर निम्मं घर तिचं राहिलं आणि निम्मं पुतण्याकडे, लोरिसकडे, गेलं. लोरिसला तिथं पर्यटकांसाठी खोल्या काढायच्या होत्या.

"काकू, खाडीपलीकडे मेस्त्रेला तुमच्यासाठी छान फ्लॅट बघतो. लिफ्ट आहे तिथं."

"लिफ्टनं खाली उतरलं की कुठं येतं माणूस? मेस्त्रेतच ना?"

एप्रिलमध्ये तिच्या दाराच्या पायरीवर एक मुलगा येऊन बसायला लागला. विशीतला, पाठीवर पिशवी, हातात फोन. संध्याकाळ झाली की हजर. हळू आवाजात काहीतरी बोलायचा, मध्येच उठून दाराचा फोटो काढायचा. ओनोरीनानं वरून खिडकी उघडली.

"काय हवंय?"

"काही नाही. बसलोय."

"तुमच्याकडे पायऱ्या नाहीत का बसायला?"

तो सॉरी म्हणाला, पण उठला नाही. बोलण्याची ढब दक्षिणेकडची. लोरिसनंच याला पाठवलं असणार, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेजारच्या इमारतीतून बाहेर पडला, तशी ओनोरीना डोक्याला रुमाल बांधून त्याच्या मागं निघाली.

तो धक्क्याच्या कडेनं सान मार्कोच्या चौकात गेला आणि चर्चच्या रांगेत उभा राहिला. त्याच रांगेत चार माणसं सोडून मागं ओनोरीना. गर्दीला कंटाळून तिनं त्या चौकात पाऊल टाकायचं कधीच सोडलं होतं. जिथून तिनं लग्नातले हातमोजे घेतले होते, त्या दुकानात आता प्लास्टिकचे मुखवटे लटकत होते. मुलगा मध्येच थांबत होता, मान वर करून बघत होता, फोटो काढत होता. पुलाचा, खिडक्यांचा, दारांचा. म्हणजे एकट्या माझ्या घराचा प्रश्न नाही, तिच्या मनात आलं, यांनी सगळं गावच विकायला काढलंय.

रियाल्तोच्या पुलाखाली त्यानं पिशवीतला पाव काढून खाल्ला आणि सरळ तिथल्या पोलिसाकडे गेला. ओनोरीना खांबाआड सरकली, पण पोलीस तिच्याकडेच बघत होता. तो आमच्याच गल्लीतला मोरेनो निघाला.

"मावशी, हा म्हणतोय तुम्ही सकाळपासून याच्या मागं आहात. पाकीटमार समजलाय तुम्हाला."

"मी? याला विचार, माझ्या दारात रोज काय करतो."

मुलाचं नाव गेरार्दो. दक्षिणेतल्या पोतेन्झाचा, भूगर्भशास्त्र शिकणारा, परीक्षा संपवून चार दिवस व्हेनिस बघायला आलेला. "घेतलेल्या खोलीत नेट लागत नाही," तो म्हणाला. "तुमच्या पायरीवर तेवढं मिळतं. आईशी रोज बोलावंच लागतं, नाहीतर ती पोलिसांत जाईल."

"आणि फोटो?"

"दार ठोठवायचा तो पितळी हात आईला आवडला."

ओनोरीनाला हे पटलं नाही. तिनं त्याला बरोबर घेतलं. पायरीवर बसून दाखव म्हणाली. त्यानं दाखवलं, नेट लागलं. तेवढ्यात वरून, तिच्याच घरातून, माणसांचे आवाज आले.

ती जमेल तेवढ्या घाईनं जिने चढली. स्वयंपाकघरात लोरिस उभा होता आणि एक अनोळखी माणूस भिंतीला यंत्र लावून मापं घेत होता.

"काकू, तुम्ही घरात नव्हता म्हणून मी माझ्या किल्लीनं…" लोरिस म्हणाला.

तिनं मागून आलेल्या गेरार्दोची बाही धरली. "हा माझा भाडेकरू. डिग्री होईपर्यंत इथंच राहणार. भाडेकरू असलेल्या घरात पर्यटकांच्या खोल्या काढणार का तुम्ही, साहेब?"

मापं घेणाऱ्यानं यंत्र खाली केलं. लोरिसनं मुलाकडे रोखून बघितलं. "कुठल्या खोलीत राहतोस रे?"

गेरार्दोनं एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं. आपण कशात अडकतोय, हे त्याला कळत नव्हतं. "मागच्या," तो म्हणाला.

घर म्हटलं की मागची खोली असतेच. मापवाला यंत्र पिशवीत घालून निघाला. लोरिस त्याच्या मागोमाग गेला.

"आता मला कशावर सही करावी लागेल का?" गेरार्दोनं विचारलं.

"सही नको. जेव."

तिनं कांदा आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेले तारले वाढले. तिनं स्वतः पहिला घास खाल्लेला बघून मगच त्यानं काटा उचलला. हे तिनं मला स्वतःच सांगितलं, आणि सांगताना तिच्या बोलण्यात त्याच्याबद्दल आदर होता.

गेरार्दो आपल्या गावी गेला, पण खोटं उघडं पडायच्या आत ते खरं करायला हवं होतं. दारावरचं कुलूप तिनं बदललं, एक किल्ली नाइलाजानं लोरिसला दिली, आणि विद्यापीठातल्या मार्त्सिया नावाच्या मुलीला मागची खोली भाड्यानं दिली. लोरिस दोनदा येऊन मार्त्सियाचे कपडे दोरीवर वाळताना बघून गेला. तेव्हापासून मेस्त्रेचा विषय निघालेला नाही.

सुरुवातीला दोघी झोपायच्या आधी आपापल्या दाराला आतून खुर्ची लावायच्या, आणि एकीला दुसरीची खुर्ची सरकलेली ऐकू यायची. मार्त्सियानं महिन्याभरात ते सोडलं. ओनोरीनाची खुर्ची अजून लागते.