पुरून उरेल असा कंप्युटर

नाना कुणाच्याही घरी गेले की माणसांकडे नंतर बघायचे, आधी वाकून टेबलाखाली बघायचे. तिथे धूळ खात पडलेला एखादा जुना सीपीयू दिसला की त्यांचा चेहरा खुलायचा. मग "हा वापरात आहे का हो?" असं ते इतक्या आदबीने विचारायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, घरातल्या उपवर मुलीची चौकशी चालली आहे. एकदा आमच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ वारले. नाना भेटायला गेले. फोटोला नमस्कार केला, मुलाच्या पाठीवरून हात फिरवला, आणि उठता उठता म्हणाले, "बाबांचा कंप्युटर आता कोण वापरणार?" मी तिथेच बसले होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. त्या मुलाने बिचाऱ्याने सीपीयू देऊन टाकला. आतलं काहीच नानांच्या उपयोगाचं निघालं नाही, म्हणून तेराव्याच्या जेवणाला जाताना ते तो पिशवीत घालून परत द्यायला घेऊन गेले.

लोक हसायचे. मीही हसायचे, कारण हसलं नाही तर दुसरं काय करायचं ते कळत नसे. नाना उमेळ्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर राहायचे. मूळचे सिंधुदुर्गातले, आयुष्यभर मुंबईत एका खासगी कंपनीत स्टोअर सांभाळून निवृत्त झालेले. बायको कधीच गेली होती. घरात ते आणि त्यांचा मुलगा सुहास. सुहासने चाळिशी ओलांडली होती, पण बोलणं चार-दोन शब्दांचं. तेही कुणाला उद्देशून नाही, हवेत सोडून दिल्यासारखं. लहानपणी डॉक्टरांनी काहीतरी इंग्रजी नाव सांगितलं होतं. नाना ते नाव घेत नसत. "आमच्या साहेबांना बदल चालत नाही," एवढंच म्हणत.

साहेबांना खरोखरच बदल चालत नसे. ताट तेच, टॉवेल त्याच रंगाचा, आणि संध्याकाळ झाली की तोच कंप्युटर. घरोघरी कंप्युटर यायला लागले त्या काळात नानांनी तो बोनसमधून घेतला होता. तोवर सुहास कुठेही मिनिटभर स्थिर बसत नसे. त्या पडद्यासमोर मात्र बसला. त्यात पत्त्यांचा एक खेळ होता. डाव पुरा झाला की सगळे पत्ते उड्या मारत पडद्यावरून खाली घरंगळायचे. तेवढ्यासाठी सुहास खेळायचा. पत्ते पडायला लागले की तळवे एकमेकांवर घासून हसायचा. पंचवीसेक वर्षांत त्याला हसवणारी दुसरी गोष्ट नानांना सापडली नव्हती.

अडचण अशी की कंप्युटर म्हातारा होत होता. तो जुना खेळ जुन्याच प्रणालीवर चालायचा, आणि ती प्रणाली नव्या सुट्या भागांना ओळखही दाखवत नसे. मी कॉलेजात कंप्युटर शिकवते, राहते तिसऱ्या मजल्यावर. त्यामुळे नाना मला 'बाई' म्हणत आणि दर काही दिवसांनी जिन्यात उभे राहून हाक मारत, "बाई, जरा खाली येता? आज त्याला धाप लागलीय." पंखा बदल, पॉवर सप्लाय बदल, रॅम वाढव, आतली बटणासारखी बॅटरी बदल, असं आम्ही करत राहायचो. रॅमदेखील त्याच जुन्या जातीची लागायची, म्हणून तर ते टेबलांखाली बघत हिंडणं. बाहेरचा पिवळट पडलेला डबा, अक्षरं पुसलेला कीबोर्ड, यांना हात लावायचा नाही. "डबा तोच ठेवायचा, भाजी बदलायची," नाना म्हणत. "साहेब डबा बघतात."

स्टेशनजवळच्या दुकानातला तरुण मालक त्यांना बघितलं की कपाळाला हात लावायचा. एकदा मी सोबत होते. तो म्हणाला, "काका, सोडा ना याचा नाद. एकदम लेटेस्ट मशीन देतो, हप्त्यावर. ह्याचं आता म्युझियम होईल."

"घेऊ की," नाना म्हणाले. "त्याच्याबरोबर मुलगाही लेटेस्ट द्याल?"

दुकानदाराने आत जाऊन जुन्या सामानाचं एक खोकंच आणून नानांपुढे ठेवलं आणि म्हणाला, "शोधा काका, काय पाहिजे ते घ्या." नाना फरशीवर मांडी घालून बसले आणि दुपारभर शोधत राहिले.

तसा एका भाच्याने नवा कोरा लॅपटॉप पाठवला होता. सुहासने तो उघडून बघितला, मिटला, दोन्ही हातांनी उचलला आणि दाराबाहेर कचऱ्याच्या डब्याशेजारी नीट सरळ ठेवून दिला. नाना तेव्हा हसले होते. पण तो परत पाठवताना मला म्हणाले, "बाई, हा कंप्युटर गेला की माझ्याकडे काही नाही हो." आणि खोक्याला चिकटपट्टी लावायला लागले.

आमच्या भागात पाणी भरतं, हे काही नवीन नाही. एका पावसाळ्यात समोरच्या केळीच्या वाडीतून पाणी सरळ आमच्या आवारात आलं. वाडीवाले भाऊ गुडघाभर पाण्यातून ओरडत आले, "नाना, पानी थांबत नाय आता. टीवी उचला, गादी उचला, वर जा लवकर." नानांनी टीव्ही उचलला नाही आणि गादीही उचलली नाही. सीपीयू खांद्यावर घेतला आणि जिना चढायला लागले. मागून सुहास कीबोर्ड डोक्यावर धरून. दोघे माझ्या दारात निथळत उभे राहिले, आणि पहिलं वाक्य काय, तर "बाई, प्लग कुठे आहे?" फ्रिज, कपाट, बायकोच्या साड्या, सगळं त्या पाण्यात गेलं. दुसऱ्या दिवशी चिखल उपसताना मी म्हटलं, "नाना, साड्या तरी आणायच्या." तर म्हणाले, "ती समजून घेईल. हा नाही घेणार."

प्रत्येक सुटा भाग विकत घेताना ते एकच प्रश्न विचारत. "हा माझ्यापेक्षा जास्त टिकेल ना?" दुकानदाराला विचारत, मला विचारत. हमीचं कार्ड कुणी पुढे केलं तर न वाचता परत देत. त्यांना कंपनीची हमी नको होती. आपण गेल्यावर संध्याकाळ झाली की तो पडदा उजळेल, पत्ते पडतील आणि मुलगा हसेल, याची हमी हवी होती. सुहासचं पुढे काय, हा प्रश्न त्यांनी कधी तोंडाने विचारला नाही. तो प्रश्न फार मोठा होता, त्याला हात घालणं त्यांच्याच्याने होईना. म्हणून हातात मावेल एवढा प्रश्न त्यांनी घेतला होता, असं मला आता वाटतं.

मग एकदा जुनी हार्ड डिस्क करकरायला लागली. नानांनी जवळचे पैसे घालून एसएसडी नावाची नवी डिस्क आणली. आवाज नाही, फिरणारा भाग नाही, झिजायची भीती कमी. मी ती बसवली, जुन्यातलं सगळं तिच्यात उतरवलं, आणि संध्याकाळी नानांनी सुहासला हाक मारली. बटण दाबलं. एरवी त्या कंप्युटरला सुरू व्हायला भाजी चिरून व्हावी इतका वेळ लागायचा. आतून घरघर, कटकट, मग पुन्हा घरघर. तोवर नाना शेजारच्या स्टुलावर बसून "चल रे मेल्या, जागा हो, साहेब वाट बघतायत" असं पुटपुटत, आणि सुहास त्या घरघरीच्या तालावर डुलत असे. त्या दिवशी घरघर नाही, कटकट नाही, मांजर आल्यासारखा पडदा गुपचूप उजळला. मी मोठ्या अभिमानाने सुहासकडे बघितलं. तो उठला आणि भिंतीवरचं बटण बंद करून परत येऊन बसला. नानांनी पुन्हा चालू केला. पुन्हा तेच. असं होता होता त्याने स्वतःचं मनगट चावायला सुरुवात केली, आणि नाना त्याचे दोन्ही हात छातीशी धरून किती तरी वेळ फरशीवर बसून राहिले.

दोन दिवस नाना विचार करत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बाई, त्याला आवाज पाहिजे." मग आम्ही जे केलं ते माझ्या विद्यार्थ्यांना सांगितलं तर ते मला वेड्यात काढतील. ती निकामी हार्ड डिस्क आम्ही पुन्हा आत बसवली, माहितीची तार न जोडता, फक्त विजेची. म्हणजे ती नुसती फिरणार आणि घरघरणार, काम काहीच करणार नाही. शिवाय सुरू होताना मध्येच एक यादी दाखवून कंप्युटर मुद्दाम खोळंबून राहील, अशी व्यवस्था मी केली. जन्मभर लोकांचे कंप्युटर जलद करून दिले, हा एकच हळू केला. संध्याकाळी घरघर सुरू झाली, नाना पुटपुटायला लागले, सुहास डुलायला लागला. पत्ते पडले तेव्हा तो हसला. नानांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, त्यांचे डोळे भरून आले होते. आवाजाचंच कोडं होतं आणि ते सुटलं, अशी आम्हा दोघांची खात्री पटली.

पुढच्या वर्षी नानांच्या पोटात गाठ निघाली. मला सांगायला तिसरा मजला चढून आले, पण सांगितलं भलतंच. "बाई, मदरबोर्ड बदलून टाकू. तसाच दुसरा मिळालाय, नालासोपाऱ्याच्या भंगारवाल्याकडे." मी म्हटलं, तब्येत कशी आहे? रिपोर्ट आले का? तर खुर्चीत बसत म्हणाले, "आले ना. डॉक्टर म्हणतात, या मॉडेलला आता अपग्रेड नाही."

मी रडले. त्यांनी मला पाणी आणून दिलं, माझ्याच घरात.

तो मदरबोर्ड आम्ही सुहास दुपारचा झोपला असताना बसवला. नानांच्या हातात स्क्रू राहत नव्हते, तरी ते मला एकटीला करू देईनात. जुन्या भागांपैकी आतमध्ये आता जवळजवळ काहीच उरलं नव्हतं, ती नुसती फिरणारी डिस्क सोडली तर. डब्याचं झाकण लावून त्यांनी त्यावरून फडकं फिरवलं. "आता मला पुरून उरेल," म्हणाले. त्यांच्या तोंडावर इतकं समाधान होतं की मला त्यांच्याकडे बघवेना.

दिवाळीनंतर नाना गेले. सुहासला त्याच्या आत्याने नायगावला आपल्या टॉवरमधल्या घरी नेलं. आत्या नानांची धाकटी बहीण, एकटी, गुडघ्यांनी बेजार, पण मनाने फार चांगली. कंप्युटर मी स्वतः रिक्षात मांडीवर घेऊन गेले. तिथे बाहेरच्या खोलीत, खाडीकडच्या खिडकीपाशी, जसा होता तसाच मांडला. स्टूलसुद्धा नेलं होतं. बटण दाबलं. एका फटक्यात सुरू झाला. घरघर सुरू होताच आतल्या खोलीतून सुहास आला. आत्यांनी माझा हात घट्ट धरला.

तो खुर्चीत बसला आणि डुलायला लागला. मी स्टुलावर बसून नानांचे शब्द तसेच्या तसे म्हटले, चल रे मेल्या, जागा हो. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. पडदा उजळला, पत्ते मांडलेले दिसले. सुहासने माउसला हातही लावला नाही. उठला, घराच्या दाराशी गेला, कडी काढून दार उघडलं आणि लिफ्टकडे बघत उभा राहिला. आत्यांनी परत आणायचा प्रयत्न केला तर त्यांचा हात झटकला. बऱ्याच वेळाने पडदा आपोआप काळा झाला, तेव्हा कुठे तो आत येऊन भिंतीकडे तोंड करून निजला.

रोज असंच चालू आहे. आवाज सुरू झाला की येतो, पडदा उजळला की दाराशी जातो. आवाज म्हणजे नाना येऊन शेजारी बसणार, एवढंच त्याच्या लेखी होतं. हे त्याला सांगता येत नव्हतं आणि आम्हाला ओळखता आलं नाही. आम्ही डिस्क फिरवत बसलो. पत्त्यांवर तो कशासाठी हसायचा, त्याचीही मला आता खात्री वाटत नाही. आत्या म्हणतात, चालूच करू नये का? पण आवाज झाला नाही तर तो खोलीबाहेरच येत नाही. जेवायलाही नाही. आत्यांचंही वय झालं आहे. त्या आता एखाद्या संस्थेची चौकशी करतात, आणि फोन ठेवला की रडतात.

मी रविवारी जाते. करण्यासारखं काही नसतं, म्हणून डब्याचं झाकण उघडते. पंखा स्वच्छ फिरतो, सगळ्या तारा घट्ट आहेत, मदरबोर्ड नव्यासारखा चमकतो. नानांनी कुठेही कसर ठेवलेली नाही. मला मनापासून वाटतं, काहीतरी बिघडावं. एखादा भाग जळावा, एखादी तार सुटावी, म्हणजे शोधायला जाता येईल, दुकानात भांडता येईल.

आत्या आतून चहा घेऊन येतात आणि दर वेळी विचारतात, "काही बिघडलंय का हो, बाई?"

"नाही," मी म्हणते. "छान चालतोय."

आणि झाकणाचे स्क्रू पुन्हा एकेक करून लावायला घेते.