सात पेपरांतला एक मेहुणा

माझ्या सूनबाईला पदवी हवी होती ती खुर्चीसाठी. मानाची खुर्ची म्हणत नाही मी, साधी चार पायांची, पाठ टेकायला असते ती. हे सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. त्यांनी इस्पितळाचं धुलाईघर बघितलेलं नाही.

इस्पितळाच्या तळघरात ते आहे. खिडकी नाही. वरच्या सगळ्या मजल्यांच्या चादरी गाठोड्यांनी खाली येतात, धुऊन पिळून निघतात आणि मग एका लांबलचक गरम रोलरमधून जातात. रोलरच्या अलीकडे सूनबाई उभी. ओल्या चादरीची दोन टोकं पकडायची, झटकायची, सरळ धरून आत सोडायची. ती जाते न जाते तोच दुसरी. दिवसभर हेच. रोलर बसत नाही, म्हणून तिलाही बसता येत नाही. घरी आल्यावर पायातले बूट निघता निघत नसत. नात समोर बसून ओढायची, विहिरीतून दोर ओढतात तशी. इस्पितळातल्याच एका डॉक्टरला तिनं पाय दाखवले. तो म्हणाला, "बाई, आता बसायचं काम बघा." बसायची कामं काय फडताळात घडी करून ठेवलेली असतात?

पण वरच्या स्टोअरमध्ये कारकुनाची एक जागा निघणार होती. टेबल, खुर्ची, पंखा. अट एकच, पदवी हवी. सूनबाईचं कॉलेज लग्नात सुटलं होतं. चाळिशी उलटल्यावर तिनं विद्यापीठाच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. मुलगा माझा ट्रक चालवतो, महिन्यातले बरेच दिवस रस्त्यावर. त्यानं फोनवर एवढंच विचारलं, "झेपेल का तुला?" ती म्हणाली, "रोलर तरी कुठं झेपतोय."

विद्यापीठात मोठ्या वयाच्या, नोकरी करून शिकणाऱ्या लोकांसाठी एक खास खोली होती. दारावर छान पाटी. अडचण असेल तर या, सल्ला मिळेल, असं काय काय लिहिलेलं. आणि खाली वेळ: दहा ते पाच. वर्ग सुरू व्हायचा सहाला.

पहिल्या दिवशी सूनबाई त्या कुलपासमोर उभी राहिली. शेजारी पायरीवर खाकी शर्टातली एक बस कंडक्टर बाई पाय पसरून बसली होती.

"हे उघडतं कधी हो?" सूनबाईनं विचारलं.

"आपण कामावर असतो तेव्हा," कंडक्टरबाई म्हणाली. "वेळ चांगली काढलीय. गर्दी होत नाही."

त्या पायरीवरच ओळखी झाल्या. या दोघी, एक रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर, एक वॉचमन आणि शिवणकामाचं दुकान चालवणाऱ्या दोन जावा. या जावा घरी एकमेकींशी बोलत नसत म्हणे, पण वर्गात एकाच बाकावर बसत, कारण चष्मा दोघींत एकच होता. आणि सातवे पाववाले काका. साठी ओलांडलेला माणूस, स्वतःची बेकरी. त्यांना ना बढती हवी होती ना खुर्ची. बायको गेलेली, पोरं शिकून लांब गेलेली, दिवसभर गिऱ्हाईक एवढंच म्हणतं, दोन पाव द्या. कुणीतरी आपल्याला प्रश्न विचारावा म्हणून ते शिकायला आले होते. प्रश्न विचारले जायचे, उत्तर यायचं नाही, ते खुशीत असत. येताना दिवसाचे उरलेले बन पिशवीतून आणायचे. सल्ला केंद्र बंद, बन मात्र चालू.

आता अडचण अशी की वर्गात झोप यायची आणि घरी वाचायला हात मोकळे नसायचे. तेव्हा या लोकांनी एक शक्कल काढली. धडे वाटून घेतले. ज्याच्या वाट्याला जो धडा, त्यानं तो नीट समजून घ्यायचा, मग फोनवर बोलून, रेकॉर्ड करून सगळ्यांना पाठवायचा. बाकीच्यांनी कामावर ऐकायचा. आमच्या गावच्या शाळेत मास्तर एक आणि वर्ग चार, सगळे एकाच खोलीत. मी तिसरीत असतानाच चौथीचा भूगोल कानावर पडून पाठ झाला होता, आणि चौथीत गेल्यावर मास्तरांना वाटलं पोरगं हुशार आहे. त्यामुळं मला ही पद्धत एकदम पटली. सूनबाई एका कानात इअरफोनचं बोंडूक घालून, वरून टोपी ओढून रोलरवर उभी राहायची. घरी भाकऱ्या थापताना फोन डब्यावर ठेवून लावायची, म्हणजे मीही ऐकायचो, नातही ऐकायची. ड्रायव्हर शिकवायचा तेव्हा मध्येच भोंगा वाजायचा. जावांच्या धड्यात मागं मशीन चालू असायची आणि पूर्णविरामाला ती थांबायची. कंडक्टरबाई तर प्रत्येक मुद्द्यानंतर म्हणायची, "चला, पुढं सरका."

अर्थशास्त्राचा एक धडा पाववाल्या काकांकडे आला. घटत्या उपयोगितेचा नियम. म्हणजे एखादी वस्तू जसजशी जास्त मिळते तसतसं तिचं समाधान कमी होत जातं. पुस्तकात तहानलेल्या माणसाचं आणि पाण्याच्या पेल्यांचं उदाहरण आहे, हे आम्हाला फार उशिरा कळलं. काकांना ते पेले काही रुचले नसावेत. त्यांनी भट्टीपाशी उभं राहून स्वतःचंच सांगितलं. मला अजून पाठ आहे.

"समजा, माझा मेहुणा आला. उपाशी आला. बायकोचा भाऊ, तेव्हा ये म्हणावंच लागतं. पहिला गरम बन दिला. म्हणाला, दाजी, काय चव आहे. दुसरा दिला. म्हणाला, बरा आहे. तिसऱ्याला नुसती मान हलवली. चौथा दिला तर म्हणतो, दाजी, जरा पाणी द्या. पाचवा पुढं केला, तर माझ्याकडे असा बघायला लागला, जसा काही मी त्याच्यावर लाटणं उगारलंय. आता बघा, बन तोच, भट्टी तीच, मेहुणाही तोच. मग कमी काय झालं? तर उपयोगिता."

आमच्याकडे तो मेहुणा घरातलाच झाला. नातीला भात जास्त वाढला की ती म्हणायची, "आई, माझा मेहुणा झालाय."

शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली. सातही जण वेगवेगळ्या खोल्यांत बसले होते, काका तर पलीकडच्या इमारतीत. नेमका तोच प्रश्न आला, नियम उदाहरणासह स्पष्ट करा. सातही जणांनी मेहुणा लिहिला. पाच बन लिहिले. पाणी मागितलं, तेही लिहिलं. पुस्तकाचं ते पान सातांपैकी फक्त काकांनी उघडलं होतं, आणि उदाहरण काकांचंच होतं. म्हणजे तपासणाऱ्यानं काय करावं? त्याच्या जागी मी असतो तर मीही पेन खाली ठेवला असता.

सूनबाई कामावरून आली, दारातच बसली. एक बूट निघाला होता, एक पायात. हातात फोन.

"नाना, निकाल राखून ठेवलाय म्हणे माझा."

"राखून म्हणजे? चांगल्यासाठी की वाईटासाठी?"

"कॉपीचा संशय आहे. सातही जणांवर."

तिचा आवाज चढला नाही की रडवेला झाला नाही. धुऊन पिळलेल्या कपड्यासारखा होता. नातीनं दुसरा बूट धरला तर म्हणाली, "राहू दे गं." मग थोड्या वेळानं मला म्हणाली, "स्टोअरचे अर्ज या महिन्यात बंद होतील. आणि आणखी एक वर्ष माझ्याच्यानं होणार नाही, नाना. आताच सांगून ठेवते. झालं तर या वेळी, नाहीतर रोलर आहेच."

चौकशीला भर दुपारी बोलावलं होतं. नोकरीवाल्यांनी रजा काढल्या, दुकानवाल्यांनी दुकानं बंद ठेवली. मी सोबत गेलो, कारण मुलगा गाडीवर. तिथं गंमत झाली. ते सल्ल्याचं दार चक्क उघडं होतं. आत एक पोरगी एकटीच बसली होती, कंटाळून. आम्हाला बघून उठलीच.

"तुम्ही अर्धवेळवाले का?" ती म्हणाली. "मला वाटलं होतं तुम्हाला कसली अडचणच नसते. कोणी येतच नाही."

"येतो की, रोज," कंडक्टरबाई म्हणाली. "तुम्ही गेल्यावर."

त्या पोरीनं सगळ्यांना पाणी दिलं. काका बाहेरच्या बाकाच्या टोकावर बसले होते. त्या दिवशी पिशवी नव्हती हातात, आणि हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

"ऐका," ते म्हणाले, "मी सांगतो की मी लिहिलं आणि तुम्ही माझं बघितलं. मला नापास केलं तरी माझं काय अडतंय? पाव थोडेच पदवी विचारतात."

"काका," कंडक्टरबाई म्हणाली, "तुम्ही दुसऱ्या इमारतीत होतात. एवढी लांब मान उंटालाही नसते."

पहिलं नाव सूनबाईचं पुकारलं. मला आत सोडलं नाही, पण चौकशीच्या खोलीच्या दाराची कडी नीट बसत नव्हती, तेव्हा मला ऐकू येत होतं आणि थोडं दिसतही होतं. टेबलापलीकडे चष्मा लावलेल्या एक मॅडम, बाजूला दोन सर.

"कुणाचं बघून लिहिलंत?" मॅडमनी विचारलं.

"बघून नाही. ऐकून."

"परीक्षेत?"

"चादरी सोडताना."

ते तिघं एकमेकांकडे बघायला लागले. मॅडम म्हणाल्या, "हा मेहुणा कोणाचा?"

"आमच्या काकांचा."

"तुम्ही ओळखता त्याला?"

"बघितला नाही कधी. पण ओळखते."

एक सर खोकले. मला वाटतं हसू दाबलं त्यांनी. मॅडम मात्र शांतपणे म्हणाल्या, आणि आवाजात राग नव्हता, दमल्यासारख्या त्याही होत्या, "हे बघा, तुमची उपस्थिती चांगली आहे, बाकीचे पेपर स्वच्छ आहेत. मूळ उत्तर कोणाचं ते लिहून द्या आणि त्यानं तुम्हाला पुरवलं असं म्हणा. तुमचा निकाल आज सोडायला सांगते."

बाहेर बाकावर काका बसले होते. त्यांनाही ऐकू गेलं असणार, कारण ते मान हलवून मला खुणावत होते, दे म्हणावं, दे. महिना संपत आला होता. आत सूनबाईला ती खुर्ची दिसत असणार, टेबलासकट, पंख्यासकट. खरं सांगतो, तिनं नाव दिलं असतं तरी मी तिला बोल लावला नसता.

ती म्हणाली, "मला आधी बसू द्याल का? पाय दुखतायत."

तोपर्यंत तिला कोणी बस म्हटलंच नव्हतं. सरांनी घाईनं खुर्ची सरकवली. ती बसली, पर्समधून फोन काढला, टेबलावर ठेवला. "काकांनी उत्तर पुरवलं नाही, शिकवलं," ती म्हणाली. "कसं शिकवलं ते ऐका. परीक्षेच्या कितीतरी आधीचं आहे, तारीख दिसेल त्यात."

आणि त्या खोलीत काकांची भट्टी पेटली. पत्र्यांचा खडखडाट, मागं कोणीतरी पाव मागतंय, आणि काका सांगतायत. तिसऱ्या बनला एका सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. पाचव्याला मॅडमनी खिडकीकडे तोंड केलं. ऐकून झाल्यावर त्यांनी दुसरे धडे लावायला सांगितले. भोंगा ऐकला, मशीन ऐकली, पुढं सरका ऐकलं. बाकीच्या सहा जणांना मग फार विचारलंच नाही.

चार-पाच दिवसांनी निर्णय आला. कॉपी नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं. पण सात उत्तरं एकसारखी, तेव्हा त्या प्रश्नाचे गुण कोणालाच नाहीत. नियमात तेवढीच जागा होती म्हणे. सूनबाई काठावर सुटली. कंडक्टरबाई सुटली, ड्रायव्हर, वॉचमन, दोन्ही जावा सुटल्या. नापास झाले ते पाववाले काका. त्यांनी त्या एका उत्तरावर पानंच्या पानं लिहिली होती. मेहुण्याचा स्वभाव, त्याची तब्येत, सगळं. बाकीच्या प्रश्नांना वेळच उरला नाही.

सूनबाईनं भीत भीत फोन लावला. काका म्हणाले, "मेहुणा तो मेहुणाच. मी त्याला पाच बन खायला घातले, त्यानं माझा पेपर खाल्ला."

ते हसले, पण हसणं लवकर संपलं. पुढं म्हणाले, "आता तुम्ही सगळे पास. म्हणजे संध्याकाळी मी एकटाच."

सूनबाईनं अर्ज वेळेत दिला. जागा तिला मिळाली आहे, पुढच्या महिन्यापासून बसायचं. तोवर रोलर. सुट्टीच्या दिवशी ती जेवून आडवी झाली ती दिवे लागायच्या वेळेला उठली, नात मध्ये मध्ये तिच्या नाकाशी हात धरून बघत होती. मला वाटलं, सुटली पोर एकदाची. पुस्तकं माळ्यावर टाका म्हणून मी स्टूलसुद्धा काढून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून आली, चहा घेतला, आणि तेच पुस्तक उघडून फोन समोर ठेवून बसली.

"आता कशाला?" मी म्हणालो. "तुझं झालं की."

"काकांचं राहिलंय ना. आम्ही सहा जणांनी वाटून घेतलंय. माझे पहिले दोन धडे."

"ते वाचतील हळूहळू."

"भट्टीपुढं पुस्तक धरून?" ती म्हणाली. "आणि वाचायचं सोडा, नाना. तिकडं कोणी बोलायला तर हवं."

ती वाचायला लागली. आवाज पडलेला, मधूनमधून शब्द ओढलेले. अर्ध्या पानावर एवढी मोठी जांभई आली की तीही तशीच रेकॉर्ड झाली. तिनं ती पुसली नाही, पाठवून दिली. थोड्या वेळात काकांचं उत्तर आलं, नातीनं ते मोठ्यानं लावलं. "पोरी, जांभई परीक्षेला आहे का? असेल तर परत एकदा सांग, पाठ करतो."

नात खदखदली, मीही. सूनबाईनं पाय स्टुलावर घेतले, पान मागं फिरवलं आणि पहिल्या ओळीपासून परत वाचायला लागली.