तहान तिकडे, ओलं अंथरूण इकडे

"टाइप वन डायबिटीस," डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, "सर, माझी रेणू नऊ वर्षांची आहे." जणू वय ऐकून आजार आल्या पावली परत जाणार होता.

त्यांनी समजावलं. या आजारात शरीर इन्सुलिन बनवणं बंद करतं. गोड खाल्ल्यानं तो होत नाही. इन्सुलिन नसलं की साखर अंगी लागत नाही आणि रक्तात आम्ल साचतं, त्याला कीटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात. रेणू त्यामुळेच आयसीयूत होती.

"तहान कधीपासून लागतेय?"

उत्तर दाराजवळून आलं. रेणूचे बाबा निरोप मिळताच देऊळघाटहून, वांगी तोडणं अर्धवट टाकून आले होते. "मांगच्या रविवारी पाणीच पेत होती, सायेब. मले वाटलं, ऊन लागलं."

मग मी सांगितलं की घरी ती अंथरूण ओलं करायला लागली होती. मला वाटलं, परीक्षेची धास्ती.

"हे एकमेकांशी बोलला नाहीत?" डॉक्टरांनी विचारलं.

नव्हतो बोललो. घटस्फोटानंतर रेणू माझ्याकडे बुलढाण्यात, आणि एक रविवार सोडून बाबांकडे, असा कोर्टाचा हुकूम होता. बसस्थानकावर पोर आणि पिशवी द्यायची, बोलायचं नाही. तिकडे काय झालं हे पोरीला विचारायचं नाही. भांडण नको म्हणून दोन्हीकडच्या मोठ्यांनी घालून दिलेला हा नियम आम्ही इमानेइतबारे पाळला. पोर दोन घरांत वाढत असेल तर हा शहाणपणा तुम्ही करू नका.

रेणू वॉर्डात आली तेव्हा सिस्टरनी आम्हा दोघांना सुई द्यायला शिकवलं. आधी स्वतःच्या पोटावर, इन्सुलिन न भरता. मी दोनदा सुई मागे घेतली, रेणूच्या बाबांनी एका दमात टोचली. मला राग आला आणि हायसंही वाटलं.

घरी आल्यावर खरी अडचण कळली. रेणूच्या शाळेत दुपारच्या डब्याआधी साखर तपासून इन्सुलिन द्यायचं, आणि मी त्या वेळी चिखलीकडच्या शाळेत पाढे घेत असते. मात्रा चुकली तर हायपोग्लायसेमिया, म्हणजे साखर एकदम खाली जाऊन पोर बेशुद्धही पडू शकते. दुपारी बुलढाण्यात कोण असतं? भाजी विकून मोकळे झालेले रेणूचे बाबा. पण रेणूच्या शाळेनं हुकूम वाचला, त्यात बाबांना फक्त रविवार होता, आणि त्यांना फाटकातूनच परत पाठवलं.

म्हणून मी वकील गाठला. शाळेच्या दिवशी दुपारी बाबा, आणि प्रत्येक शनिवार-रविवार त्यांच्याकडे, असा बदल मागायचा होता. वकील चष्म्यावरून बघत राहिले. "बाई, लोकं कोर्टात पोर मागाले येतात, तुम्ही द्याले आल्या. काऊन?"

माझी आई म्हणाली, "हातानं पोर घालवशील." त्या वाक्यानं माझी झोप उडाली. रेणूला तिकडेच करमायला लागलं तर? पण पोर शाळेत कोसळली तर, ही भीती त्याहून मोठी होती.

न्यायाधीशबाईंनी आधी रेणूला एकटीला आत बोलावलं, मग आम्हाला. "तुमचा वाद कशावर आहे?"

"वाद नाही मॅडम," आम्ही एकदमच बोललो. लग्नात एवढं एकमत कधी झालं नव्हतं. बाईंना हसू आवरेना. मंजुरी मिळाली तेव्हा मी कोर्टाच्या पायऱ्या दोन-दोन उतरले. बाहेर रेणूच्या बाबांनी घटस्फोटानंतर पहिल्यांदा माझा फोन नंबर मागितला.

सोमवारी दुपारी वर्गात माझं कशातच लक्ष नव्हतं. पोरांना सरळ सांगून टाकलं, आज तुमच्या बाईंना फोन येणार आहे. वाजला, तेव्हा अख्खा वर्ग माझ्या आधी उठला.

"साखर बरी हाय. सुई देली. डबा खाऊन राह्यली," ते म्हणाले. मागून रेणू हसत होती. मग ते जरा अडखळले. "रेणूले इचारलं, घरी पाणी किती पेतं? तर म्हणते, आईलेच इचारा ना."

"मग विचारा," मी म्हटलं.

त्यांनी विचारलं, आणि मी सांगितलं.