फुलपाड्याचे पॅराग्वे सर

पंचेचाळिशी उलटल्यावर जयवंत कांबळींनी पीएच.डी. करायचं मनावर घेतलं, तेव्हा त्यांच्या बायकोला, विनयाला वाटलं, विषय शिवकाल असेल, नाहीतर पेशवाई. वसईतल्या एका शाळेत इतिहास शिकवणारा माणूस आणखी कुठे जाणार? पण १९९४च्या त्या संध्याकाळी जयवंत मुंबईहून घरी आले ते थेट पॅराग्वे घेऊन.

"कोण ग्वे?" विनयानं विचारलं.

"देश आहे. दक्षिण अमेरिकेत."

झालं होतं असं, की जयवंतना दोन देशांच्या संबंधांवर काम करायची हौस होती आणि गाईडकडे देशच शिल्लक नव्हते. अमेरिका गेली होती, रशिया गेला होता, चीनवर तर तिघं बसले होते. "पाकिस्तानचं नावही काढू नका," असं म्हणून गाईडनी भिंतीवरच्या नकाशावरून नजर फिरवली आणि म्हणाले, "पॅराग्वे घ्या. कुणी हातसुद्धा लावलेला नाही."

"आणि आपलं त्यांचं काय आहे?" विनयाचा पुढचा प्रश्न.

"तेच तर शोधायचंय."

शोधता शोधता वर्षं गेली. १९६१ साली दोन्ही देशांत राजनैतिक संबंध जुळले, एवढं पहिल्याच महिन्यात हाती लागलं. त्यानंतर दोघंही आपापल्या कामाला लागलेले दिसत होते. जयवंत दिवाळीच्या सुट्टीत दिल्लीला जाऊन आले, ग्रंथालयं पालथी घातली, आणि परत आले ते सर्दी घेऊन.

"अहो, इतक्या वर्षांत काही तरी झालं असेल की!"

"एकमेकांना शुभेच्छा दिल्या."

"मग?"

"मग आभार मानले."

विनयाला हसावं की रडावं कळेना. फुलपाड्यातल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये लोक त्यांना पॅराग्वे सर म्हणू लागले होते. नळाला पाणी आलं नाही की दुसऱ्या मजल्यावरचे जोशी विचारायचे, "काय सर, पॅराग्वेत येतं का वेळेवर?" जयवंत तेही गांभीर्यानं घ्यायचे आणि तिथल्या नद्यांची माहिती द्यायचे.

२००१ साली मात्र नशीब फळफळलं. सोयाबीनच्या व्यापारासाठी पॅराग्वेहून काही मंडळी मुंबईत आल्याची बातमी पेपरात आली. जयवंत शाळेला रजा टाकून त्यांच्या हॉटेलात जाऊन बसले. बेनितेस नावाचे जाडजूड गृहस्थ लिफ्टमधून उतरले आणि आपल्या देशावर प्रबंध लिहिणारा माणूस समोर बघून आधी घाबरले. खात्री पटल्यावर त्यांनी जयवंतना मिठीच मारली. रविवारी जेवायला येतो म्हणाले.

घरात लग्नघाई उडाली. विनयानं कोंबडी-वड्यांचा बेत ठरवला. जयवंत झेंडा शिवायला सिप्रियनकडे गेले. हा वसईचा शिंपी एरवी पाद्रींचे झगे शिवायचा. पॅराग्वेच्या झेंड्याच्या दोन बाजू वेगळ्या, एकीकडे तारा, दुसरीकडे सिंह, हे ऐकून तो म्हणाला, "सर, दोन झेंड्यांची शिलाई लागेल." तारा झकास आला. सिंह मांजरावर गेला. झेंडा गॅलरीत लावला, तर एका बाजूच्या ए विंगला तारा दिसे आणि दुसऱ्या बाजूच्या बी विंगला मांजर. सरांकडे नेमके किती देश येणार, यावरून दोन्ही विंगांत पैजा लागल्या.

आणि बेनितेस आले शुक्रवारीच! रविवारी त्यांना दिल्लीला जायचं होतं. गाडीतून उतरून ते दारात उभे राहिले, तेव्हा घरात एकादशी होती आणि गॅसवर साबुदाण्याची खिचडी.

"अगं, पाहुण्याला उपासाचं वाढायचं?" जयवंत स्वयंपाकघरात येऊन कुजबुजले.

"मग त्यांनी रविवारी यायचं होतं." विनयानं कोथिंबीर भुरभुरली आणि बशी पुढे केली.

बेनितेसनी चमच्यावरचा दाणा निरखून पाहिला. हे काय, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. जयवंतना साबुदाण्याचा इंग्रजी शब्द आठवेना. कॉलेजात जाणारी लेक अश्लेषा मदतीला धावली. "टॅपिओका," ती म्हणाली, "एका कंदापासून करतात."

"मांदिओका!" बेनितेस ओरडले. त्यांच्या घरी हा कंद रोज पानात असायचा. मूळचा त्यांच्याच बाजूचा तो, ते अभिमानानं सांगू लागले. अश्लेषानं आईला मराठीत समजावलं.

"म्हणजे आपले उपास यांच्या कंदावर चाललेत?" विनया चकित झाली. "मग हा उपासाला चालतो, हे ठरवलं कुणी?"

प्रश्न इंग्रजीतून बेनितेसपर्यंत पोचला. त्यांनी तो जयवंतकडे टोलवला, जयवंतनी परत त्यांच्याकडे. शेवटी दोन्ही देशांनी तो पुढच्या बैठकीवर ढकलला. बेनितेसनी तीनदा खिचडी मागून घेतली. मिरचीनं त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि दारात जमलेल्या शेजाऱ्यांना वाटलं, पाहुण्यांना गहिवरून आलंय. जोशींनीही डोळे पुसले.

त्या रात्री जयवंत झोपलेच नाहीत. मांदिओका साबुदाणा होऊन आपल्या पानात कसा आला, याच्यावर त्यांनी अख्खं प्रकरण लिहायला घेतलं. पुढची दीड वर्षं ते विनयाला साबुदाण्याबद्दल इतकं विचारत राहिले, की तिनं एका एकादशीला वैतागून वरीचे तांदूळ केले.

२००३मध्ये तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध चाळून विचारलं, "इतक्या वर्षांत या दोन देशांत एकही तंटा नाही? हे कसं?"

"सर, भांडायला आधी भेटावं लागतं," जयवंत म्हणाले.

परीक्षक एवढे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पदवी मिळाली.

त्यानंतरच्या संक्रांतीला जोशीवहिनींकडे हळदीकुंकू होतं. गप्पांत कुणीतरी म्हणालं, "काही म्हणा, देश म्हणजे अगदी कोपऱ्यातलाच निवडला सरांनी."

विनयानं हातातला तिळगूळ खाली ठेवला. "कोपऱ्यातला कसा? चांगला मधोमध आहे," ती म्हणाली आणि जोशीवहिनींच्या चटईवर हळदीच्या बोटानं दक्षिण अमेरिका काढू लागली. ब्राझील काढून होईपर्यंत वाणाची ताटं तशीच राहिली, पण उठायची हिंमत कुणाची झाली नाही.