खाली राहिलेला हात

इथे आखातात, अबू हलीफात भर दुपारी पार्किंगमध्ये उतरलं, की तापलेल्या टायरांचा वास येतो. मुलगी नाक दाबते, "अब्बा, सो बॅड!" मला मात्र तो वास छाती भरून घ्यावासा वाटतो.

काही वर्षांपूर्वी टायरच्या दुकानातून मी नुकताच एका रेसिंग टीमच्या पिट क्रूमध्ये, म्हणजे शर्यत चालू असताना गाडीची चाकं बदलणाऱ्यांत, गेलो होतो. पहिलीच शर्यत. पुढचं डावं चाक माझं. नट घट्ट बसला की हात वर करायचा. चौघांचे हात वर दिसले की गाडी सुटणार. गाडी आली, मी चाक चढवलं, नट आवळायची एअर गन लावली आणि मनगटाला कळलं, नट वाकडा चढलाय; तसंच सोडलं तर धावताना चाक निखळेल. बाकी तिघांचे हात वर. मिसरी फोरमन ओरडतोय, "यल्ला, यल्ला! चल लवकर!" मी नट काढला, पुन्हा बसवला, मगच हात वर केला.

आम्ही हरलो. माझ्याशी कोणी बोलेना. तेव्हा वाटलं, आपलं दुकानच बरं. आज वाटतं, पिट क्रूचा मी झालो तो त्याच दिवशी.

शर्यतीनंतर ड्रायव्हरने हेल्मेट काढून विचारलं, "हात कोणाचा खाली होता?"

मी पुढे होऊन नटाचं सांगितलं.

तो फोरमनकडे वळला. "हा असेल, तरच मी गाडीत बसेन."